जनसंपर्क आणि जनांची ओळख

सरकारी खात्यात, बँकेत, कारखान्यात किंवा पंचतारांकित हॉटेलात आज जनसंपर्क अधिकारी नाही असे क्वचितच आढळेल. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रोज सायंकाळी येऊन पडणाऱ्या मजकुराचा फार मोठा भाग याच मंडळींच्या हातचा असतो. मंत्रिमहोदयांनी कोठे समई प्रज्वलित केली, कोणत्या योजनेचा कोणाला लाभ झाला, कोणता प्रकल्प लोकांच्या कसा हिताचा आहे, याची वर्णने त्यांत असतात. भाषा नीटनेटकी असते, छायाचित्र सुबक असते, मान्यवरांच्या नावांचा क्रमही चुकलेला नसतो. आणि तरीही ज्यांच्यासाठी हा सारा खटाटोप, त्या लोकांच्या मनाला त्यातले काही शिवत नाही; शिवलेच तर पुष्कळदा विपरीत अर्थाने शिवते. असे का व्हावे? आमच्या मते याचे मुख्य कारण असे की, ज्या जनांशी संपर्क साधावयाचा त्यांचा सांस्कृतिक इतिहास जाणून घेणे हा आपल्या कामाचाच भाग आहे, हे या अधिकाऱ्यांना कोणी कधी सांगितलेले नाही.

जनसंपर्क ही विद्या म्हणून आपल्याकडे पश्चिमेकडून आली. अमेरिकेत १९०६ साली कोळशाच्या खाणींत मालक आणि कामगार यांचा झगडा चालला असताना आयव्ही ली या गृहस्थाने खाणमालकांच्या वतीने वृत्तपत्रांना उघडपणे माहिती पुरविण्याचे आपले धोरण जाहीर केले, आणि या व्यवसायाला आजचे रूप येऊ लागले. आपल्या देशात १९५८ साली पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झाली. पुढे विद्यापीठांतून याचे अभ्यासक्रम निघाले. प्रसिद्धिपत्रक कसे लिहावे, पत्रकार परिषद कशी बोलवावी, छायाचित्र कसे निवडावे आणि अलीकडे समाजमाध्यमे कशी हाताळावीत, हे सारे तेथे शिकविले जाते. ते आवश्यकही आहे. परंतु ते पत्रक ज्याच्या हाती पडणार तो कोण, त्याच्या पूर्वजांनी काय सोसले, कोणत्या शब्दाने तो सुखावतो आणि कोणत्या शब्दाने दुखावतो, हे पत्रकलेखनाच्या कोणत्याही पुस्तकात सापडणार नाही. ते ज्या त्या भूमीच्या इतिहासातच शोधावे लागते.

आमच्या गोमंतभूमीत याचा एक दाखला चारशे वर्षांपूर्वीचा आहे, आणि तो परक्या माणसाने घालून दिलेला आहे. इंग्लंडात जन्मलेला थॉमस स्टीफन्स हा जेझुइट पाद्री १५७९ साली गोव्यात आला आणि आयुष्याची पुढील चाळीस वर्षे त्याने बव्हंशी साष्टीत घालविली. तो येण्यापूर्वीच, १५६७ च्या सुमारास, साष्टीतील देवळे पाडली गेली होती. नवख्रिस्ती झालेल्या लोकांची जुनी पुराणे गेली होती आणि त्यांच्या जागी त्यांच्या जिभेवर रुळेल असे काही आलेले नव्हते. पाद्र्यांजवळ लॅटिनमधील प्रार्थना होत्या, पोर्तुगीज भाषेतील उपदेश होता. स्टीफन्सने मात्र ओळखले की हा समाज पुराण ऐकणारा आहे, ओवीवर पोसलेला आहे, घरात कोकणी बोलत असला तरी देवाधर्माची गोष्ट मराठीत ऐकण्याची त्याला सवय आहे. त्याने मराठीचा अभ्यास केला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ‘क्रिस्तपुराण’ रचले. १६१६ साली ते रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. या ग्रंथाच्या आरंभीच साष्टीतील एक ब्राह्मण पाद्रीबाबांकडे आमच्या भाषेत असे एखादे पुराण असावे अशी मागणी करतो, असा प्रसंग घातलेला आहे.

स्टीफन्सचा हेतू काय होता हे आम्ही विसरत नाही. त्या काळी साष्टीत जे घडले त्याच्या जखमा आमच्या देवस्थानांच्या इतिहासात आजही दिसतात. परंतु जो माणूस आम्हाला बदलण्यासाठी आला त्याला आमची ओवी शिकणे आवश्यक वाटले, आणि जे आज आमची सेवा करण्यासाठी नेमलेले आहेत, ज्यांचा पगार आमच्याच करांतून निघतो, त्यांना मात्र आमच्या गावाची रीत ठाऊक असण्याची गरज वाटत नाही, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे.

दुसरा दाखला आमच्या वाचकांपैकी वडीलधाऱ्यांच्या आठवणीतला आहे. १६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात जनमत कौल झाला. महाराष्ट्रात विलीनीकरणासाठी फूल आणि संघप्रदेश राहण्यासाठी दोन पाने अशी चिन्हे होती. ३४,०२१ मतांच्या फरकाने दोन पानांचा जय झाला. तो कौल कोणाला रुचला, कोणाला नाही. तो वाद आज उकरून काढण्याचा आमचा हेतू नाही. आम्हाला लक्ष वेधावयाचे आहे ते त्या प्रचाराच्या रीतीकडे. विलीनीकरण नको ही भूमिका हिंदू वाचकांपुढे मांडण्यासाठी ‘राष्ट्रमत’ हे मराठी दैनिकच पुढे आले. उदय भेंब्रे यांचे ‘ब्रह्मास्त्र’ हे सदर मराठीतच निघत होते. त्याच वेळी गावोगावच्या सभांतून उल्हास बुयांव यांच्या आवाजात मनोहर सरदेसाय यांची कोकणी गीते घुमत होती. बोलणे आणि गाणे कोकणीत, वाचणे मराठीत, ही गोमंतकीय हिंदू घराची शतकानुशतकांची घडण होय. ज्यांनी ही घडण ओळखली त्यांनी विचार पटविण्यासाठी मराठी वापरली आणि भावना जागविण्यासाठी कोकणी वापरली. ही समज त्यांना कोणत्या जाहिरातसंस्थेने दिली नव्हती; ते याच मातीत वाढलेले होते.

हे झाले जेथे ओळख होती त्याचे फळ. जेथे ओळख नव्हती तेथे काय झाले, तेही पाहिले पाहिजे. फोंडा तालुक्यात केरी आणि सावईवेरे या गावांच्या माथ्यावर भूतखांबचे पठार आहे. तेथे नायलॉनचा कारखाना उभारण्याचा घाट घातला गेला आणि १९९४-९५ मध्ये त्याविरुद्ध मोठे आंदोलन पेटले. जानेवारी १९९५ मध्ये पोलिसांच्या गोळीबारात एका तरुणाचा बळी गेला. अखेर कारखाना गोव्याबाहेर गेला. बाहेरून पाहणाऱ्याला ते ओसाड कातळाचे पठार दिसत होते. परंतु अंत्रुज महालातील माणसाला ठाऊक असते की पठारावर मुरलेला पाऊस खाली झरा होऊन येतो, त्या झऱ्यावर पोफळीचे कुळागर उभे असते आणि त्या कुळागरावर घर, देवालय, उत्सव, पुरोहित, वाजंत्री, सारा गाव चालतो. केरीच्या विजयादुर्गेचे मूळ स्थान मुरगाव तालुक्यातील साखवाळ. सोळाव्या शतकात तिकडे आपत्ती ओढवली तेव्हा देवीने नदी ओलांडून या गावाचा आसरा घेतला. ज्या गावाने परागंदा दैवताला जागा दिली, तो गाव आपल्या माथ्यावरील पाण्याला धोका आहे असे कळल्यावर तांत्रिक खुलाशांनी शांत होईल, अशी अपेक्षा बाळगणेच मुळात अज्ञानाचे होते.

या घटनेला पंचवीस वर्षे लोटल्यानंतर तोच धडा पुन्हा गिरवावा लागला. २०१६ साली फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात सुरू झालेल्या आयआयटीला कायमची जागा हवी होती. त्यासाठी सत्तरीतील गुळेली पंचायतीच्या क्षेत्रातील शेळ-मेळावली येथील जमीन निवडण्यात आली. कागदोपत्री जमीन सरकारची आहे असे सरकारचे म्हणणे होते. आम्ही पिढ्यानपिढ्या येथे काजूची लागवड केली आहे असे गावकऱ्यांचे म्हणणे होते. जानेवारी २०२१ मध्ये सीमांकनाच्या वेळी पोलीस आणि ग्रामस्थ यांच्यात संघर्ष होऊन दोन्ही बाजूंचे लोक जखमी झाले, आणि त्याच महिन्यात प्रकल्प तेथून हलविण्याचे मुख्यमंत्र्यांना जाहीर करावे लागले. पुढे सांग्यात जागा पाहिली गेली, तेथेही विरोध झाला.

आयआयटी ही काही वाईट गोष्ट नव्हे. आमच्या मुलांना तिचा लाभ व्हावा असेच आम्हाला वाटते. पण सत्तरी म्हणजे काय, हे सरकारच्या वतीने बोलणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक होते? १८५२ साली दीपाजी राणे यांनी नाणूसचा किल्ला घेऊन पोर्तुगीज सत्तेला आव्हान दिले. १८९५ साली दादा राणे उठले. जमिनीचा हक्क आणि रूढी यांना सरकारने हात घातला की सत्तरी उठते, ही त्या महालाची परंपरा आहे. मोकासदारीतून आलेला जमिनीच्या मालकीचा गुंता मुक्तीनंतरही तेथे पुरता सुटलेला नाही. अशा ठिकाणी ‘ही जमीन सरकारची आहे’ हे पहिले वाक्य उच्चारताच पुढली सारी वाक्ये व्यर्थ होतात. प्रकल्पाने किती नोकऱ्या मिळतील याचे आकडे मग कोणी ऐकत नाही. जमिनीच्या हक्काचे बोलणे आधी मिटवून मग शिक्षणाचे बोलणे काढावे, एवढा क्रम जरी कोणी सांगितला असता तरी निदान काठ्या उगारण्याची पाळी आली नसती.

कोणी म्हणेल की लोकांचा विरोध जमिनीसाठी आणि पाण्यासाठी होता. पत्रकाच्या भाषेने त्यात काय फरक पडणार होता? हा आक्षेप रास्त आहे. चुकीचा निर्णय चांगल्या भाषेने बरोबर होत नाही, आणि तसा तो करून दाखविण्यासाठी जनसंपर्क अधिकारी नेमलेला असेल तर ते पद न ठेवलेलेच बरे. परंतु संपर्क या शब्दाचा अर्थ एकतर्फी नाही. सरकारचे म्हणणे गावाला सांगणे जितके त्याचे काम, तितकेच गावाचे मन सरकारला सांगणेही त्याचे काम. फायलीवर सही होण्यापूर्वी त्याने सांगावयास हवे की, साहेब, या गावाचा इतिहास असा आहे, येथे या रीतीने गेलात तर दार बंद होईल. आज त्याला बोलावणे येते ते दार बंद झाल्यानंतर, खुलासा लिहिण्यासाठी. आणि आधी बोलावले असते तरी त्या इतिहासाची माहिती नसलेल्याने काय सांगितले असते?

इतिहासाची माहिती नसली की माणसांचे ठोकळेबाज गट पाडण्याची सवय लागते. हिंदूंसाठी एक मजकूर, ख्रिस्त्यांसाठी दुसरा, असे करून आपण फार कुशलतेने वागलो असे प्रसिद्धी करणाऱ्यास वाटते. त्याने एकदा कुंकळ्ळीला जावे. १५८३ साली तेथील गांवकरांनी जुलमाविरुद्ध शस्त्र उचलले, त्यात पाच जेझुइट मारले गेले. पुढे १६ गांवकरांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून घेऊन त्यांची कत्तल केली गेली. त्यांतून एकच निसटल्याचे सांगतात. कुंकळ्ळीची देवी शांतादुर्गा फातर्प्याला गेली, परंतु आजही फाल्गुनात ती वाजतगाजत आपल्या मूळ गावी येते. तिच्यासोबत बारा वांगडांच्या बारा छत्र्या असतात, आणि त्या सोहळ्यात त्याच वांगडांतले ख्रिस्ती गांवकरही आपल्या मानाने सहभागी होतात. या गावात हिंदू व ख्रिस्ती असे दोन कप्पे करून बोलणारा दोघांनाही परका वाटेल. आणि ज्या गावाच्या आठवणीत ‘बोलणी करण्यासाठी बोलावले’ या शब्दांचा असा अर्थ साठलेला आहे, तेथे चर्चा अधिकाऱ्याच्या बंद खोलीत न ठेवता गावाच्या मांडावर, सर्वांसमक्ष ठेवावी, एवढे तारतम्य हा इतिहास वाचणाऱ्याला आपोआप सुचेल.

प्रकल्पांच्या प्रसिद्धीची ही गत, तर पर्यटनाच्या प्रसिद्धीची कथा याहून निराळी नाही. गोव्याची ओळख जगाला करून देणाऱ्या मजकुरात वर्षानुवर्षे समुद्र, वाळू आणि मद्याचा पेला यांचीच आरास असते. गोव्याचा इतिहास जणू १५१० साली आफोंस द आल्बुकेर्क याने तिसवाडी जिंकली तेव्हापासूनच सुरू झाला अशी त्याची मांडणी असते. शिगमो म्हणजे हिंदूंचा कार्निव्हाल, असे समजावून देणारे मार्गदर्शक आढळतात. वस्तुत: पणजीच्या कार्निव्हालमधील किंग मोमोची मिरवणूक १९६५ साली सुरू झाली, ती पर्यटनाला चालना मिळावी म्हणून, साष्टीच्या खेड्यांतला ‘इंत्रुज’ आणि त्यातले ‘खेळ’ हे त्याहून फार जुने आणि वेगळे. तद्वत शिगम्याला गावाचा मांड असतो, नमन असते, व्रत असते, कोणी कोणाच्या पुढे जावयाचे याची मर्यादा असते. शहरातील चित्ररथांच्या मिरवणुकीला आमचा विरोध नाही. कलावंतांना तिच्यातून दोन पैसे मिळतात. पण चित्ररथालाच शिगमो म्हणून दाखविले की पाहुण्याची फसवणूक होते, आणि मांडावर घाम गाळणाऱ्या गड्याला आपण शोभेची वस्तू झाल्यासारखे वाटते.

अलीकडे किनाऱ्यापलीकडचा गोवा दाखविण्याचे धोरण जाहीर झाले आहे आणि मंदिरांच्या फेरीचाही प्रचार होतो. त्याचे आम्ही स्वागत करतो. मात्र येथेही तोच प्रश्न उभा राहतो. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे ही देवालये एवढ्याशा फोंडा महालात इतक्या दाटीने का उभी आहेत, हे पाहुण्याला कोणी सांगते काय? कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला का आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला का आली, दिवाडीचा सप्तकोटीश्वर नार्व्याला का नेला गेला आणि १६६८ साली छत्रपती शिवाजी महाराजांनी त्याच्या देवालयाचा जीर्णोद्धार का करविला, हे सांगितल्याशिवाय त्या देवळांचे दर्शन केवळ घुमट आणि दीपस्तंभ यांच्या छायाचित्रांपुरते राहते. त्या वेळी अंत्रुज महाल विजापूरच्या आदिलशाहीत होता आणि म्हणून आमच्या देवांना तेथे आसरा मिळाला, हेही सांगितले पाहिजे. इतिहास असा पुरा सांगितला तर तो द्वेष शिकवीत नाही. अर्धा सांगितला म्हणजे शिकवितो.

या ज्ञानाचा दुरुपयोग होईल, लोकांच्या श्रद्धा ओळखून त्यांनाच फसविण्यात येईल, अशी भीती कोणी व्यक्त केली तर ती अनाठायी म्हणता येणार नाही. आमच्या ओवीचा उपयोग परक्या हेतूसाठी झालेला आम्ही वर सांगितलाच आहे. आजही निवडणुकीच्या दिवसांत देवाला नारळ ठेवून गाऱ्हाणे घालणाऱ्यांची छायाचित्रे आम्ही छापतो, आणि त्यांतल्या कित्येकांना त्या गाऱ्हाण्याचा अर्थ ठाऊक नसतो. यावर उपाय एकच आहे. प्रसिद्धी करणाऱ्याला जेवढा इतिहास ठाऊक असावयास हवा, त्याहून अधिक तो आम्हा वाचकांना ठाऊक असला पाहिजे. आमच्या घरातील किती तरुणांना आपले मूळ गाव, मूळ दैवत, ते कोठून कोठे गेले, हे सांगता येते? आणि आपल्या शेजारच्या ख्रिस्ती घराचे वांगड कोणते, त्याचे पूर्वज आपल्याच गांवकरीत कोठे बसत होते, याची आपल्यापैकी किती जणांनी चौकशी केली आहे? ज्यांना स्वत:ची ओळख नाही त्यांना कोणीही कसलीही ओळख चिकटवू शकतो.

सरकारपुढे आम्ही काही साध्या सूचना ठेवतो. माहिती व प्रसिद्धी खात्यात आणि पर्यटन खात्यात भरती करताना गोव्याच्या सांस्कृतिक इतिहासाची स्वतंत्र प्रश्नपत्रिका ठेवावी. नेमणूक झालेल्या अधिकाऱ्याला पहिले वर्षभर तालुक्यात ठेवावे. त्याने ग्रामसभांना बसावे, जत्रा, फेस्त, काला, शिगमो पाहावेत, गावातील वयस्क माणसांशी बोलावे. गांवकरी संस्थांच्या रूढी १५२६ सालच्या फोरालात पोर्तुगिजांनी नोंदवून ठेवल्या, कारण त्यांवाचून कर गोळा करता येणार नाही हे त्यांना कळले होते. आमच्या अधिकाऱ्याने त्या निदान एकदा वाचाव्यात. पणजीचे पुराभिलेख खाते आणि १८३२ सालापासूनची परंपरा असलेले मध्यवर्ती ग्रंथालय त्याच्या कचेरीपासून दूर नाही. पत्रके इंग्रजीत लिहून मग त्यांचे ओढूनताणून भाषांतर करण्याची पद्धत सोडावी. मराठी पत्रक मराठीत आणि कोकणी पत्रक कोकणीत लिहिणारी माणसे खात्यात असावीत, आणि ख्रिस्ती वाचकांपर्यंत जावयाचे तर रोमी लिपीलाही कमी लेखू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, कोणत्याही मोठ्या प्रकल्पाची जागा ठरविण्यापूर्वी त्या गावाचा सांस्कृतिक आणि भूमीविषयक इतिहास लेखी स्वरूपात मंत्र्यांच्या टेबलावर यावा आणि तो आणण्याची जबाबदारी याच खात्यावर असावी.

यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. भूतखांबच्या आणि मेळावलीच्या वेळी बंदोबस्तावर जो पैसा गेला, त्याच्या एका अंशात हे सारे होऊ शकेल. गेलेला जीव तर कोणत्याच पैशाने परत येत नाही. पुढील भरतीच्या वेळी उमेदवाराला एकच प्रश्न विचारून आरंभ करावा: म्हार्दोळची म्हाळसा मूळची कोठली, आणि ती वेर्ण्याहून म्हार्दोळला का आली? ज्याला उत्तर येणार नाही त्याला नाकारू नये. त्याला वेर्ण्याला न्यावे, मूळ स्थान दाखवावे, तेथून म्हार्दोळला आणावे, आणि मग पहिले पत्रक लिहावयास बसवावे.